सारवलेलं घर

पूर ओसरून तिसरा दिवस होता. साऱ्या गल्लीत घोटा बुडेल एवढा गाळ होता, पण रुखमाबाईच्या घरात औषधाला म्हणून चिखल सापडला नसता. दोन दिवस बाईनं कंबर मोडून काम केलं होतं. खोऱ्यानं गाळ ओढायचा, टोपल्यात भरायचा, टोपलं डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत जायचं, रितं करायचं आणि पुन्हा यायचं. काळ्या रानाचा गाळ तो, एकदा पायाला धरला की सावकारासारखा सोडत नाही. रुखमाबाईनं साठी गाठली होती, पण हट्टाला कुठे वय असतं?

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बीबी गावाच्या अलीकडच्या त्या गावातून जाणारा नाला एरवी असा की उन्हाळ्यात त्यात शेळी बुडायची नाही. यंदा भादव्यात एका रात्रीत तो वर आला आणि खालची सगळी गल्ली कंबरभर पाण्यात उभी राहिली. माणसं देवळात जाऊन बसली म्हणून वाचली. घरं मात्र कोणाची पडली, कोणाची खचली. रुखमाबाईचं उभं राहिलं, पण कणगीतली ज्वारी भिजून फुगली, तिला मोड आले आणि घरभर आंबूस वास सुटला. दिवाळीच्या पुढेपर्यंत पुरली असती एवढी ज्वारी होती. बाईनं ती टोपल्या-टोपल्यानं नेऊन नाल्यात टाकली. टाकताना रडली, मग डोळे पुसून परत फिरली.

एवढी घाई कशाची, तर कोतवाल निवृत्ती गल्लीतून ओरडत गेला होता, "पटवारी साहेब येनार हायेत हो! घरोघर पाह्यनार हायेत! समद्याइनं घरी राह्यजा!"

साहेब घरात येणार म्हटल्यावर रुखमाबाईला दुसरं काही सुचलंच नाही. भिंतीवर पुराच्या पाण्याची कमरेइतकी काळी रेघ उमटली होती, तिच्यावर तिनं पांढऱ्या मातीचा हात फिरवला. जमीन शेणानं सारवली. भिंतीवर वाळत घातलेली घोंगडी झटकून अंथरली, लोटा राखेनं घासून लख्ख केला.

शेजारच्या शालूबाईच्या घरात मात्र गाळ जसाच्या तसा होता. दोन्ही घरांच्या मधली भिंत पुरात पडली होती, त्यामुळे इकडचं तिकडे दिसत होतं. रुखमाबाईनं एकदा पाहिलं आणि मनात म्हणाली, आळशी मेली. तोंडानं म्हणाली नाही, कारण दोघींचा आठ महिने अबोला होता. एका अवकाळी पावसात वळचणीचं पाणी कोणाच्या अंगणात पडलं, एवढ्यावरून तो सुरू झाला होता.

दुपारी पटवारी आला. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, वैतागलेला माणूस. घरात पाऊल टाकलं आणि त्याचा चेहराच खुलला.

"वा, आई! अख्ख्या गावात बसायला जागा मिळाली ती इथं. घर असावं तर असं."

रुखमाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिंक्यात टांगलेले गूळ-फुटाणे तेवढे पुरातून वाचले होते. गुळाचा तुकडा मोडून तिनं पाण्यासोबत पुढे केला.

"काही नुकसान?" पटवाऱ्यानं गूळ चघळत विचारलं.

आता पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवायचा आणि त्याच्यासमोर आपलं रडगाणं लावायचं, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "चालते, साहेब. पानी आलं अन् गेलं. देवाची करनी."

पटवाऱ्यानं लिहिलं, लोटाभर पाणी प्यायला आणि निघून गेला. रुखमाबाई दारात उभी राहून बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. तिच्या घरी पाहुणा येऊन दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर सरपंच भगवानरावानं यादी वाचली. ज्यांचं धान्य पुरात गेलं त्यांना सरकारकडून माणशी दहा किलो लाल ज्वारी मिळणार होती. आगबोटीनं आलेली, विलायती. कशीही असो, पोटाला रंग कळत नाही. खालच्या गल्लीतली झाडून सगळी नावं आली. शालूबाईच्या नवऱ्याचं, शेषरावाचंही आलं. यादी संपली, भगवानरावानं कागद घडी केला.

"भगवानराव, माहं नाव राह्यलं वाटते," रुखमाबाई म्हणाली.

"राह्यलं नाही, बाई. तुमच्या घरी नुकसान नाही, असं लिहून हाये."

"अरे बाप्पा! कनगी गेली न माही सारी!"

"मंग साहेबाले काऊन नाही दाखवली?"

"फेकून देली. वास येत होता."

"अन् गाळ?"

"काढला. साहेब येनार होते न घरात."

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "कराले गेली गनपती अन् झाला मारोती!" भगवानराव हसला नाही, पण चिडला.

"अहो, चावडीवर बजावून सांगतलं होतं न! पंचनामा होयेपर्यंत गाळाले हात लावू नका, सडलं धान्य तसंच राहू द्या. साऱ्या गावाले मालूम हाये."

"मले कोनं सांगतलं?"

"आता चावडीवरचं घरचा मानूस घरी सांगतेच न—" भगवानराव बोलता बोलता थांबला आणि कागदाची घडी पुन्हा घालायला लागला.

रुखमाबाईच्या घरी चावडीवरचं सांगणारा माणूस होता, तिचा नवरा कडूबा. रोज संध्याकाळी पाय धुता धुता तो सुरू व्हायचा. कोणाचा बैल विकला, कोण कोणाला काय बोललं, साहेब कधी येणार. तेव्हा रुखमाबाई कंटाळायची. "पुरे झालं तुमचं चावडीपुराण, भाकर खा," म्हणायची. दोन वर्षांपूर्वी कडूबा तापानं गेला. मूलबाळ झालं नव्हतं. तो गेल्यावर भाकर एकटीची झाली, अंथरूण एकटीचं झालं, हे तिला कळलं होतं. पण गावातल्या बातमीलाही तिच्या घराची वाट उरली नाही, हे तिला आज भर ओसरीवर कळलं. तिला फार एकटं वाटलं. माणसांच्या एवढ्या गर्दीत उभी असून वाटलं.

"सोमवारी तालुक्याचे मोठे साहेब फेरतपासनीले येऊन राह्यले," भगवानराव आवाज खाली आणून म्हणाला. "त्याइच्या डोयाले नुकसान दिसलं पाह्यजे, बाई. मी काय सांगू जास्त?"

घरात आता गुळाचा खडा आणि पसाभर फुटाणे एवढंच होतं. मागायला ती कोणाच्या दारात गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. रविवारी सकाळी तिनं पुन्हा पदर खोचला, खोरं घेतलं, टोपलं घेतलं, आणि नाल्याकडे गेली. जाताना टोपलं रिकामं होतं, येताना भरलेलं.

पहिलं टोपलं सारवलेल्या जमिनीवर ओतायला तिचा हात धजेना. ती तशीच उभी राहिली. मग डोळे मिटून ओतलं.

पडक्या भिंतीपलीकडून शालूबाई पाहत होती. तिसऱ्या खेपेला तिच्यानं राहवलं नाही.

"मावशे, काय करून राह्यली व?"

आठ महिन्यांनी आलेला आवाज. रुखमाबाईनं वर पाहिलं नाही. "दिसत नाही? गाळ आनून राह्यली."

"सारवल्या घरात?"

"तर काय मंग. सरकारले असंच घर आवडते म्हनतेत."

शालूबाईनं टोपल्यातला गाळ निरखला. मग म्हणाली, "नाल्याच्या गाळात रेती हाये. साहेब ओळखीन. माह्या घरातला घे. खरा पुराचा हाये."

शेजारणी एकमेकींकडे विरजण मागतात, विस्तव मागतात, वाटीभर पीठ मागतात. उसना गाळ आजवर कोणी मागितला नव्हता. पण शालूबाई टोपलं भरून पडक्या भिंतीवरून अलीकडे आली आणि तिनं तो कोपऱ्यात, कणगीच्या बुडाशी ओतला. मग दुसरं आणलं. चौथ्या टोपल्याला शालूबाई उंबऱ्यात थांबली.

"मावशे, तू गाळ काढत होती तवा मी पाह्यत होती. आमच्या घरच्यानं चावडीवरून येऊन सांगतलं होतं मले. वाटलं, तुले आवाज द्यावा. मंग म्हनलं, आपला अबोला हाये, ती बोलत नाही त मी काऊन बोलू?" तिनं टोपलं खाली ठेवलं. "लय चुकलं माहं."

रुखमाबाईला राग आला होता, खोटं कशाला बोला. एक शब्द टाकला असता तर ज्वारी कुजकी का होईना, दाखवायला राहिली असती. पण तिनं आपलं रिकामं टोपलं पुढे केलं.

"भर. अन् अर्धं नको भरू."

सोमवारी तालुक्याचे साहेब आले. उंच, चष्म्याचे, कमी बोलणारे. मागे पटवारी, त्याच्या मागे भगवानराव. साहेब उंबऱ्याशी आले तशी रुखमाबाई सवयीनं बोलून गेली, "आत नका येऊ, साहेब, पाय भरतीन तुमचे!"

भगवानरावानं कपाळावर हात मारला.

पटवारी आत डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब, हे घर त्या दिवशी स्वच्छ होतं. मी स्वतः इथं बसलो होतो."

"मग हा गाळ कुठून आला, बाई?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं तिनं रात्रभर घोकून ठेवलं होतं. पण ऐन वेळेला जीभ वळली नाही.

"शेजारनीचा हाये, साहेब. माहा मी फेकून देला."

भगवानराव आढ्याकडे बघायला लागला. साहेब मात्र बूट न काढता गाळातून आत गेले, भिंतीशी थांबले आणि पांढऱ्या मातीवर नख ओढलं. खपली निघाली. खाली काळी रेघ होती, ओलसर, कमरेच्या उंचीला. त्यांनी पुढे हातभर आणखी खरवडलं. रेघ तिथंही होती.

"पाणी इथवर होतं?"

"हाव."

"आणि हे तुम्ही झाकलंत? का?"

"पाहुन्याले असं घर दाखवतेत काय, साहेब?" रुखमाबाई म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

साहेबांनी पटवाऱ्याकडे पाहिलं. पटवारी खाली पाहत होता. गूळ त्यानं खाल्ला होता, भिंतीला बोट लावलं नव्हतं. म्हणजे दोन बायकांनी दिवसभर वाहिलेल्या गाळाची काही गरजच नव्हती. एका नखाचं काम होतं.

"लिहा," साहेब म्हणाले. "धान्य पूर्ण गेलं. घरात माणसं किती, बाई?"

"मी हाये."

"किती?"

"एक."

पटवाऱ्यानं लिहिलं. एवढा लहान आकडा, पण बाईला तो कागदावर उतरेपर्यंत फार वेळ लागल्यासारखं वाटलं.

"एकाचे दहा किलो," साहेब जाता जाता म्हणाले. "वाटप कधी, ते चावडीवर कळेल."

त्या संध्याकाळी चावडीवर पुरुषमंडळी जमली होती. चिलीम फिरत होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढून रुखमाबाई आली आणि ओट्याच्या कडेला, खांबाला टेकून बसली. चावडीच्या ओट्यावर बाईमाणूस बसलेलं त्या गावानं पाहिलं नव्हतं. बोलणं जागच्या जागी थांबलं. कोणी खोकलं, कोणी चिलीम खाली ठेवली.

"काही काम होतं, बाई?" भगवानरावानं विचारलं.

"काम काही नाही. चावडीवरचं माह्या घरी सांगाले कोनी नाही, म्हनून मीच आली. तुम्ही बोला."

मग शेषरावानं सरकून तिला नीट बसायला जागा केली आणि भगवानरावानं घसा खाकरून सांगितलं. वाटप गुरुवारी, शाळेत, सकाळी आठला. पोतं आपलं आपण आणायचं. अंगठा द्यायला स्वतः यायचं. रुखमाबाईनं शब्द न् शब्द ऐकला, उठली, आणि घरी आली.

घरात गाळ होता. बसायला जागा नव्हती म्हणून ती उंबऱ्यावर बसली. आज गावात जे ठरलं ते तिला माहीत होतं, सगळ्यांच्या बरोबरीनं माहीत होतं, आणि ते ज्याला सांगावं असं घरात कोणी नव्हतं. चावडीवर बसताना आलेलं बळ उंबऱ्यावर बसल्यावर राहिलं नाही.

तेवढ्यात पडक्या भिंतीवरून शालूबाई आली. हातात झाकलेली थाळी होती, पिठलं-भाकरीचा वास येत होता. थाळी पुढे ठेवून ती म्हणाली, "मावशे, वाटपाचा दिवस ठरला व. घरचे आता सांगून राह्यले होते." आणि मग तिला आठवलं असावं. "पन तू त स्वतःच होती म्हने तिथं. तुले समदं मालूमच असंन."

रुखमाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला.

"नाही व. मानसं लय होती, मले काही नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर सरकून तिनं जागा केली. "बस. सांग, काय काय झालं चावडीवर."