पेडलवरचा पाय

टर्नर म्हणजे हट्टी माणसांचा मेरुमणी. चाळीस वर्षं लेथवर लोखंड तासलं, पण स्वभावाचा एक कंगोरा काही घासला गेला नाही. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, त्या जुन्या ब्रेकच्या भरवशावर मी बाळाला घेऊन गाडीत बसायची नाही." रविवारी ती येणार होती, आई गेल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदाच. मग काय, गड्याने जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचेच ठरवले.

डिस्क बसली, अगदी झोकात बसली. पण चाक चढवलं तर ते डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरला घासून जाम! दुकानदार कंठशोष करून सांगत होता, तेरा इंची चालायचं नाही, चौदा घ्या. ऐकतो कोण? ती तारांची चाकं बायकोने पसंत केलेली. "गाडी कशी नटल्यासारखी दिसते," म्हणाली होती. तासभर तो चाक मांडीवर घेऊन नुसता बसला. शेवटी मुकाट्याने चौदा इंची साधी चाकं आणली आणि तारांची पुसून माळ्यावर टाकली. फार वाईट वाटलं त्याला.

आता उरलं ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं काम. ते एकट्याचं नव्हेच. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचा, हवा निघाली की कसायचा, मगच पेडल सोडायचं. तीस वर्षं आत बायको बसायची. हा "दाब" म्हणायचा, ती "दाबलं" म्हणायची, आणि मधल्या वेळात पेपरातल्या अपघाताच्या बातम्या मोठ्याने वाचायची. मुद्दाम!

त्याने सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पाहिली. निपल सैल होताच पेडल खाली जायचं, काठी पडायची, पेडल उसळून वर यायचं आणि नळी पुन्हा हवा ओढून घ्यायची. चारदा तेच. शनिवारची दुपार कलली. बिनब्रेकची गाडी गॅरेजात न्यायची तरी कशी? घरात हाक मारावी असं कुणी नव्हतं. कुणापुढे तोंड वेंगाडायचं म्हणजे जिवावर येत होतं. तरी गेला शेवटी, शेजारच्या शिंप्याकडे.

"पायाचंच काम ना? अहो, जन्म गेला पेडल मारण्यात," म्हणत शिंपी लगेच उठला.

शिंपी चांगला ताडमाड. आत बसला तर गुडघे स्टिअरिंगला भिडले. "ही सीट काय पोराटोरांसाठी लावलीय? जरा मागे घेऊ का?"

सीट बायकोच्या मापाला लावलेली होती. ती गेल्यापासून टर्नर स्वतःही गुडघे दुमडूनच गाडी चालवत आला होता. शिंपी वाट बघत राहिला. मग टर्नर वाकला, गंजलेली खटकी ओढली आणि दोन्ही हातांनी सीट मागे ढकलली, पार शेवटपर्यंत.

"दाबा," चाकापाशी बसत तो म्हणाला.

"दाबलं," आतून आवाज आला.

पाना निपलवर लावलेला होता, पण हात काही हलेना.

"अहो, झालं का? पायात गोळा आला माझ्या!"

"धरा हो जरा," टर्नर म्हणाला. "दिसत नाहीये मला."