ऐकणाऱ्याची सुट्टी

“आता एकदम शांतता हवी,” मिशीवाले पहारेकरी म्हणाले, “खांब बोलणार आहे.”

त्यांनी मूठ वळली, दगडापर्यंत नेली आणि तिथेच थांबवली. लोकांना ताटकळत ठेवायची त्यांना हौस होती. आम्ही वीसेक जण देवळाच्या त्या काळोख्या सभामंडपात श्वास रोखून उभे. आणि त्या शांततेत माझे बाबा मान डोलावून म्हणाले, “वा! काय गोड आवाज आहे!”

“अहो साहेब, अजून वाजवलाच नाही!”

सगळा मंडप हसला. सगळ्यांत मोठ्याने मी. माझं हसणं तसं प्रसिद्ध आहे; मी वर्गात हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन दार लावून घेतात.

मग मिशीवाल्यांनी खांब खरंच वाजवला. दगडातून घंटेसारखा लांबलचक सूर निघाला आणि छताला जाऊन विरला. लोक ‘अरेच्चा’ म्हणाले. बाबा मात्र मिशीवाल्यांच्या मुठीकडे टक लावून बघत होते. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं, तसे. मी हसायची थांबले.

कारण माझे बाबा ऐकतात. म्हणजे सगळेच ऐकतात, पण बाबांचं ते काम आहे. पाणीखात्यात ते गळती शोधतात. रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते वरून दिसत नाही. बाबा छातीएवढी लोखंडी दांडी रस्त्यावर टेकवतात, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी असते तिला कान लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, “इथे खणा.” एकोणीस वर्षं. खात्यात त्यांना ‘कानवाले’ म्हणतात. इतक्या वर्षांत दोनदाच खणून कोरडं निघालं, आणि दोन्ही वेळा त्यांना सर्दी होती, असं आई शपथेवर सांगते.

याच बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून सुट्टी मागितली होती. दोन दिवस. आईची हॉस्पिटलात ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. मी तर उड्याच मारल्या. बाबांनी दांडी टॉवेलात गुंडाळून सोबत घेतली तेव्हा आई म्हणाली, “सुट्टीला कोणी हत्यार नेतं का?” बाबा म्हणाले, “तिला एकटीला घरी कसं ठेवू?” आम्ही हसलो होतो.

आता मंडपातून बाहेर पडताना मला एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन वाजला की बाबा तो आईच्या हातात देतात, “तूच बोल, मला कंटाळा येतो.” जेवताना खुर्ची अशी लावतात की सगळ्यांची तोंडं दिसावीत. आणि सोमवारी खात्यात तपासणी होती. डोळे, कान, रक्तदाब, सगळं.

छे, काहीतरीच, म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

मग उरलेली सकाळ आम्ही ते गाव बघत फिरलो. देवळांमागे देवळं. नाक झिजलेल्या दगडी बायका, सोंड तुटलेले हत्ती, पायऱ्यापायऱ्यांचं तळं आणि त्यात हलायचं विसरून गेलेलं हिरवं पाणी. एरवी मी प्रत्येक हत्तीबरोबर फोटो काढला असता. पण मी बाबांच्या मागे तीन पावलं अंतर ठेवून चालत होते आणि नेहमीच्या आवाजात बोलत होते.

“बाबा, तुमचा खिसा फाटलाय.”

बाबा चालत राहिले.

“बाबा, मी गणितात नापास झालेय.”

घरी या वाक्यावर भांडी पडली असती. बाबांनी एका कळसाकडे हात करून मला दाखवला आणि प्रेमाने हसले.

मला उन्हात थंडी वाजली.

दुपारी देवळाचे दरवाजे बंद झाले. ते साडेचारला उघडायचे. आमचा लॉज देवळामागच्या बोळात होता, मूर्ती विकणाऱ्या दुकानाच्या वर. बोळ इतका अरुंद की मधे उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे. संध्याकाळची रांग याच बोळातून लागते, असं लॉजवाल्या मावशींनी आल्या आल्या अभिमानाने सांगितलं होतं. “चारपासून माणसाला माणूस लागून असतो. माझ्या उंबऱ्यावर उभं राहून निम्मा देश आत गेलाय!”

मिशीवाले त्यांच्याकडेच जेवायला येत. आम्ही पोचलो तेव्हा ते हात पुसत होते आणि मावशी खालच्या खोलीच्या दाराला खांदा लावून ढकलत होत्या.

“आठ दिवस झाले, मेलं बसतच नाही चौकटीत. दार आहे की रुसलेला जावई!”

बाबा थबकले. दाराकडे त्यांनी नुसतं पाहिलं. मग उंबऱ्याकडे, मग बाहेर बोळातल्या फरशांकडे. सगळ्या फरशा वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. एकीच्याच कडा काळपट ओल्या होत्या. एक मुंग्यांची रांग तिथून निघून भिंतीवर चढत होती, अंडी घेऊन.

“नळाला पाणी कमी येतं का हल्ली?” बाबांनी विचारलं.

“करंगळीएवढं. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बाबा पाणीखात्यात आहेत,” मी म्हणाले. तोंडाला कुलूप नाही ना माझ्या. “ते जमिनीखालचं ऐकतात! त्यांच्याकडे दांडी पण आहे!”

“मग ऐकाच की,” मिशीवाले म्हणाले. “सकाळी तर तुम्ही न वाजलेला खांबसुद्धा ऐकलात.”

बाबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि हसले. वर जाऊन दांडी घेऊन आले.

बाबांना काम करताना मी लहानपणापासून बघतेय. त्या दिवशीही सगळं तसंच होतं. दांडी सरळ, कोपर वर, डोळे मिटलेले. मूर्तीवाला दुकानातून बाहेर आला, समोरच्या खिडकीत दोन बायका आल्या. ऊन डोक्यावर होतं आणि कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं. बाबांनी तीन ठिकाणी दांडी टेकवली. तिसऱ्या ठिकाणी खूप वेळ थांबले. त्यांच्या कानामागची शीर ताठ झाली होती.

“काही नाही,” ते म्हणाले. “कोरडं आहे.”

“सुटले बाई,” मावशी म्हणाल्या. “दारालाच वयाची दुखणी लागली म्हणायची.”

बाबा वर निघून गेले. दांडी दाराशीच राहिली. बाबा दांडी कधीही, कुठेही विसरत नाहीत.

खिडक्या बंद झाल्या. बोळात मी एकटी. साडेतीन वाजले होते. मी दांडी उचलली, त्या काळ्या कडांच्या फरशीवर टेकवली आणि वाटीला कान लावला.

आधी माझाच श्वास. मग सळसळ. कोणीतरी रेशमी कापड एकसारखं ओढत असावं, तशी. गळती. ही तर मी सहाव्या वर्षी ओळखायला शिकले होते. पण तिच्याखाली आणखी एक आवाज होता. कुरकुर, टक, कुरकुर, टक. खोल. कोणीतरी तोंडात खडे घोळवत असल्यासारखा.

बाबा म्हणायचे, “सळसळ असली तर घाई नाही, उद्या खणलं तरी चालतं. पण पाण्यात खडे वाजायला लागले ना, की समजायचं, नळाखालची जमीन खाल्ली जातेय. मग माणसं आधी हलवायची. कागद नंतर.”

मी दांडी सोडून मागे सरकले. पायाखालची फरशी अगदी साधी, गप्प फरशी होती.

अर्ध्या तासात इथे माणसाला माणूस लागून उभं राहणार होतं.

आता, मी कशाला घाबरत नाही. या वर्षी शाळेत मी भर सभेत मुख्याध्यापकांना प्रश्न विचारला, तोही माइकवर. पण त्या जिन्याच्या अकरा पायऱ्या चढताना मला घाम फुटला. कारण खाली जाऊन मी “इथे धोका आहे” म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच: मग तुझ्या बाबांना कसं नाही ऐकू आलं?

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“बाबा,” मी त्यांच्या पाठीला म्हणाले, “तुम्हाला ऐकू येत नाही ना?”

पाठ हलली नाही. मग मी पुढे गेले, पलंग आणि भिंत यांच्या फटीत घुसून बसले आणि तेच पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांनी ओठ बघितले.

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला.

“कधी कळलं?”

“सकाळी. खांबाजवळ.”

“त्या खांबासाठीच आलो होतो,” बाबा म्हणाले. “नोकरीला लागलो तेव्हा आलो होतो इथे, तेव्हा विरत जाणारा शेवटचा सूरसुद्धा ऐकू आला होता. कोणीतरी म्हणालं, कानाला दोन दिवस शांतता मिळाली की ऐकणं परत येतं. म्हटलं, सोमवारच्या आधी बघावं.” ते उठून बसले. “सोमवारी तसंही कळणारच आहे गं. तेवढे दोन दिवस हवे होते मला.”

“बाबा, मी ऐकलं. खाली खडे वाजतायत.”

त्यांचा चेहरा असा झाला, की मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

“गेल्या महिन्यात मी अकरा ठिकाणी ‘कोरडं’ लिहून दिलंय,” ते म्हणाले. माझ्याशी नव्हे. मग एकदम माझे दोन्ही खांदे धरले. “ते आजच फोन करून सांगायचं. पण आधी हे. कसे वाजतायत? नीट सांग. भाजल्यासारखे तडतड, की दळल्यासारखे?”

“दळल्यासारखे. आणि मधे टक.”

“टक लवकर लवकर, की थांबून?”

“थांबून.”

“म्हणजे पोकळी मोठी आहे,” बाबा म्हणाले आणि पायात चपला न घालताच निघाले.

खाली त्यांनी मला भराभर नऊ ठिकाणी ऐकायला लावलं. मी ऐकायचं, त्यांच्याकडे तोंड करून सांगायचं, ते खिशातल्या खडूने खूण करायचे. “इथे?” “मोठ्याने.” “इथे?” “नुसती सळसळ.” “इथे?” “काही नाही.” नऊ खुणा जोडल्यावर फरशांवर एक लांबट गोल तयार झाला, मावशींच्या उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत. दार का बसत नव्हतं ते लहान मुलालाही कळलं असतं.

बोळाच्या तोंडाशी रांगेतली पहिली माणसं दिसायला लागली होती. मिशीवाले दोर बांधत होते.

“मावशी, घराबाहेर या. दुकानही बंद करा,” बाबा म्हणाले. “रांग इथून जाता कामा नये.”

“अहो, तासाभरापूर्वी तुम्हीच म्हणालात ना, कोरडं!”

“सकाळी खांब, दुपारी जमीन,” मिशीवाले दोर सोडून आले. “आणि आता लेक ऐकते म्हणे! साहेब, हजार माणसं आहेत मागे. पोरीच्या खेळासाठी देऊळ थांबवू?”

मी तोंड उघडलं. बाबांनी मला हाताने थांबवलं. मूर्तीवाला, खिडकीतल्या बायका, रांगेतली माणसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले. स्वतःचा आवाज केवढा आहे ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून तो फारच मोठा निघाला.

“मला ऐकू येत नाही. सहा महिने झाले. दुपारी मी खोटं सांगितलं. हिला ऐकू येतं, आणि ती खरं सांगतेय.”

मिशीवाल्यांनी बाबांकडे पाहिलं, खडूच्या गोलाकडे पाहिलं, मग त्या मुंग्यांकडे. ते मागे गेले आणि बांधलेला दोर सोडून आडवा लावायला लागले. मावशी डोक्यावर पदर घेऊन, हातात किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरून बाहेर आल्या.

पण रांग म्हणजे काही एक माणूस नसतो. मागच्यांना पुढचं काय माहीत? रेटा आला. दोर ताणला गेला, एका बाजूने सुटला. बाबा गोलाच्या अलीकडे जाऊन उभे राहिले, रांगेकडे पाठ करून, आणि त्यांनी दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावले.

“ओ काका, बाजूला व्हा!”

“कोण हा येडा?”

“पहाटे निघालोय आम्ही! ढकला त्याला!”

मी बाबांच्या काखेखाली उभी होते आणि प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. मागून एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, जोरात. बाबांची नजर खडूच्या रेषेवरून हलली नाही. त्यांची कोपरं वाकली नाहीत. मी उलटी वळले आणि माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, “मागे व्हा! मागे व्हा सगळे!” मिशीवाले माझ्याशेजारी आले आणि तेही ओरडायला लागले.

आणि तेव्हा माझ्या पाठीमागून तो आवाज आला.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. अख्खा बोळ एका श्वासात मागे सरकला. कोणाचं तरी मूल रडायला लागलं, मग तेही थांबलं. धुळीचा एक लोट वर आला आणि खिडक्यांपर्यंत जाऊन सावकाश खाली बसला. मी वळून पाहिलं. खडूचा गोल नव्हता. उंबरा नव्हता. मावशींचं दार चौकटीला एका बिजागरीवर लटकत होतं आणि त्याच्या खाली अंधारात पाणी वाहत होतं.

बाबांचे हात अजून भिंतींवर होते. त्यांनी सगळं जाताना बघितलं होतं, अगदी दोन हातांवर. त्यांच्या पापण्यांवर धूळ बसली होती.

मग त्यांनी हात खाली घेतले, माझ्याकडे वळले आणि या वेळी अगदी हळू, जवळजवळ ऐकूच येणार नाही असं म्हणाले,

“आवाज कसा होता गं?”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, माझे ओठ त्यांना नीट दिसतील अशी, आणि सांगायला लागले.