दोन यंत्रांतलं पिशाच्च

व्हाइटफील्डच्या त्या आयटी ऑफिसात आयुधपूजेला, म्हणजे यंत्रांना सुट्टी देऊन पुजायच्या दिवशी, काय गर्दी! कॉम्प्युटरांना झेंडूच्या माळा, दाराशी कुंकू भरून फोडलेला कोहळा आणि मोठ्या पडद्यापुढे हात जोडून उभे इंजिनिअर. नवरात्रभर नेटवर्क रखडत होतं, म्हणून मॅनेजर सुमंतने गुंडो महाराजांना पाचारण केलं होतं.

"आज यंत्रं विसावलीत. मग हे कोण बोलतंय?" महाराज गरजले. पडद्यावर नेटवर्कमधल्या संदेशांच्या ओळी धो धो वाहत होत्या. "पिशाच्च! ज्या मशीनला कुंकू लागलं नाही, तिथून शिरलंय."

सगळ्या माना टीममधल्या शिवलीलाकडे वळल्या. कुंकू लॅपटॉपच्या जाळीत जातं म्हणून तिने नुसतं फूल वाहिलं होतं.

"तुला प्रोजेक्टमधून काढावं लागेल," सुमंत म्हणाला. "सॉरी, टीमचं सेंटिमेंट आहे."

महाराजांनी विभूती फुंकली. "फट् स्वाहा!" पडदा एकदम रिकामा. टाळ्याच टाळ्या!

टीममधल्याच नागपूरच्या सिद्धीचं लक्ष मात्र लॅपटॉपवर बसलेल्या महाराजांच्या टायवाल्या शिष्याकडे होतं. 'स्वाहा'बरोबर त्याने एंटर दाबला होता. शेजारी शिवलीला डोळे पुसत होती. सिद्धीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने पुढे होऊन शिष्याने टाइप केलेली आज्ञा पुसली. ओळी परत धावू लागल्या.

"महाराज, पुन्हा म्हणा की. पण शिष्याचे हात वर."

फट् स्वाहा चारदा झालं. पिशाच्च ढिम्म.

"अहो, आपल्या नेटवर्कवर पहारा करणारी यंत्रं दोन, जोडीची. एक बंद पडलं तर दुसऱ्याने काम उचलावं, म्हणून ती सुट्टीतही एकमेकांना विचारतात, 'आहेस ना?' या शिष्याने पडद्यावरचं सगळंच झाकलं. मी फक्त ही विचारपूस गाळते."

तिने एक ओळ टाइप केली. गलका सरला आणि खरा चोर उघडा पडला: सुमंतने नवरात्रभर मजल्यामजल्यावरच्या पडद्यांवर लावलेलं, गुंडो महाराजांचंच अखंड लाइव्ह दर्शन! ते पडदे बंद करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सिद्धीने ते बंद करताच नेटवर्क सुरळीत झालं. महाराजांना तातडीने दुसरी पूजा आठवली.

"अक्का, मी टीममध्येच ना?" शिवलीलाने सिद्धीला हळूच विचारलं.

सुमंत खाली बघत "हो, हो" म्हणाला.

"तिची माफी मागा," सिद्धी म्हणाली. "आणि सगळेच ऐका. कळलं नाही तर विचारा, तपासा. कळत नाही म्हणून भूत मानायचं आणि त्याच्या तोंडी एका पोरीला द्यायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकलात?"