टॉलिव्हरच्या वर्गातला महाभियोग

इनेझ टॉलिव्हरचं लग्न झालं आणि बाराव्या दिवशी तिचा नवरा व्हिएतनामला गेला, त्याच १९७० च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हॉलोवे गावची काळ्यांची शाळा बंद झाली. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवायचा हुकूम आला होता; मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. इनेझचा बाप एफ्रम त्या बंद शाळेचा सव्वीस वर्षं हेडमास्तर होता. गाव त्याला प्रोफेसर म्हणायचं. नव्या शाळेत तो इतिहासाचा साधा मास्तर झाला, आणि वीस वर्षांनी लहान असलेला हेडमास्तर हॅस्लर त्याला नुसतं एफ्रम म्हणू लागला. एफ्रमने ते गिळलं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

त्या शाळेत दर मे महिन्यात मुलं हॉलमध्ये अँड्र्यू जॉन्सनवरचा महाभियोग करून दाखवत. लिंकननंतर आलेला हा राष्ट्राध्यक्ष मूळचा शिंपी, याच डोंगराळ भागात राहिलेला, म्हणून गोऱ्यांना तो घरचाच. त्याला काढायला सिनेटची दोनतृतीयांश मतं हवी होती. एक कमी पडलं आणि तो वाचला. मुलांना मतांच्या चिठ्ठ्या आधीच लिहून मिळत. राष्ट्राध्यक्ष सुटला की पालक टाळ्या वाजवत आणि बायकांनी आणलेले केक कापले जात.

एफ्रमने चिठ्ठ्या कोऱ्या दिल्या.

"आधी वाचा, मग लिहा," तो म्हणाला. गुलामीतून सुटलेल्यांच्या हक्कांचे कायदे या राष्ट्राध्यक्षाने कसे अडवले, ते त्याने महिनाभर वाचून घेतलं.

"पण मिस्टर टॉलिव्हर, खटला तर मंत्र्याला काढल्याचा होता ना?" डार्लीन नावाच्या गोऱ्या मुलीने विचारलं.

"कागदावर तेच होतं. भांडण वेगळंच होतं."

"आमच्या घरी तसंच असतं. बाबा ओरडतात मिठावरून आणि राग असतो आजीवर."

वर्ग हसला. एफ्रमही हसला.

मतं द्यायला सत्तावीस मुलं होती. अठरा पुरली असती, बावीस पडली. राष्ट्राध्यक्ष गेला. हॉलमध्ये एकही टाळी वाजली नाही. डार्लीनच्या बापाने न कापलेला केक उचलला आणि बायकोला म्हणाला, "चल. हा कुत्र्याला घालू."

घरी ओडेसाने नवऱ्याला धारेवर धरलं. "दोन वर्षं दम धरवला नाही?"

"मतं मुलांनी दिली."

"आणि कोऱ्या चिठ्ठ्या मी वाटल्या वाटतं?"

पंधरा दिवसांत शाळामंडळाची नोटीस आली. तीत नाटकाचा उल्लेख नव्हता. हजेरीपट तीनदा उशिरा दिला, एवढाच आरोप. सभासद सहा, मास्तराला काढायला चार मतं लागत. पाच गोरे होते. सहावा रूफस पेटिग्रू, टायरचा दुकानदार, मंडळावर निवडून आलेला पहिला काळा माणूस. त्याला अक्षरओळख एफ्रमनेच करून दिली होती, तीन हिवाळे आपल्या स्वयंपाकघरात बसवून, जेवू घालून.

"रूफस आहे तिथं," ओडेसा म्हणाली. त्या एका नावावर दोघांना झोप लागत होती.

बैठकीच्या दिवशी हॅस्लरने एफ्रमला दारातच अडवलं. "आत यायची गरज नाही, एफ्रम. तुझा राष्ट्राध्यक्ष तरी स्वतःच्या खटल्याला कुठं हजर राहिला होता?" आणि पहिलीतल्या पोरांची एक खुर्ची त्याने पायाने पुढं सरकवली.

एफ्रम तिच्यावर बसला. गुडघे छातीला लागत होते. दार पातळ होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिघे "काढा" म्हणाले. दोन म्हातारे गोरे शेतकरी "नको" म्हणाले, त्यांतल्या एकाने "हजेरीपटासाठी? लाज वाटू द्या," असंही सुनावलं. एफ्रमला हायसं वाटलं. मग रूफसचं नाव पुकारलं.

"काढा," रूफस म्हणाला. घसासुद्धा खाकरला नाही.

बाहेर पहिला तोच आला. "प्रोफेसर, मनाला लावून घेऊ नका."

"का रे केलंस?"

"आपल्या पक्षाला न जुमानता एका मताने जॉन्सनला वाचवणाऱ्या त्या सिनेटरचं पुढं काय झालं, तुम्हीच शिकवलंत. पुन्हा निवडून आला नाही. वर्गातली पोरं 'काय शूर, काय शूर' करत होती. मी तेव्हाच ठरवलं, आपण असलं काही करायचं नाही."

"त्या दिवशी तू माझ्या घरी जेवला होतास."

"जेवलो होतो की. मक्याची भाकरी. बाईंच्या हाताला चव होती." रूफसने हॅट डोक्यावर चढवली. "तुमच्यासाठी शब्द टाकलाय मी. शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवाय."

मागून हॅस्लर म्हणाला, "टोपीपण मिळते, प्रोफेसर." हॅस्लरने त्याला प्रोफेसर म्हटलं ते तेव्हाच.

पेन्शनसाठी एफ्रमने बस चालवायचं काम घेतलं. रोज सकाळी तो आपल्याच विद्यार्थ्यांना गोळा करायचा. "अपील करायचं का, राष्ट्राध्यक्ष?" असं ओरडून पोरं त्याच्या मानेवर शेंगदाण्याची टरफलं मारायची. डार्लीनने पहिला आठवडा त्याला नमस्कार केला; पोरं तिलाही हसू लागली, तशी ती न बघता मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. नव्या मास्तराने पुढच्या मे महिन्याच्या चिठ्ठ्या आत्ताच लिहून ठेवल्या होत्या. शाळा भरली की एफ्रम टरफलं झाडायचा आणि बस धुवायचा.

मंगळवारी, ९ नोव्हेंबर १९७१ ला सकाळी, बस धुताना एफ्रम टॉलिव्हर वारला. वय त्रेसष्ट.