मोकळं करायचं राहिलं

मोहसीन सरांनी प्रॅक्टिकलला सांगितलं, 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहून घरच्यांच्या नावांची साखळी करा आणि एक नाव काढून दाखवा. बाकीच्या पोरींनी आपापल्या आत्याबाईंना काढून सूड उगवला. मी मोठी शहाणी, सूरजला काढायला घेतलं.

सूरज माझा भाऊ. गेल्या पावसाळ्यात मेंढरं घेऊन नदीपल्याड निघाला, "येतो गं आई" म्हणाला आणि पुरात वाहून गेला. सापडला नाही. येतो म्हणालाय म्हणजे येणारच, म्हणून आईनं त्याचे दिवस घालू दिले नाहीत. कवठे महांकाळच्या आमच्या दाराला तेव्हापासून कडी लागली नाही, आणि आईचा डोळा लागला नाही. तिनं वाट बघणं सोडावं, एवढंच मला हवं होतं.

मेंढरांमागं आम्ही चालायचो त्याच क्रमानं नावं घातली. पुढं वडील नानासो, मग सूरज, मग आई मंगल, शेवटी मी. प्रत्येकाकडं आपल्या मागून येणाऱ्याचा पत्ता. घेतलेली जागा सोडायला 'फ्री' लिहितात, ते लिहून मी सूरजला मोकळं केलं आणि प्रोग्रॅम चालवला.

नानासो. सूरज. आणि तिथंच प्रोग्रॅम कोसळला. आई आलीच नाही, मीही नाही. कितीदा चालवला तरी तेच.

सर हसले. "माया, त्याला मोकळं केलंस, पण वडिलांकडं पत्ता त्याचाच राहिला. भाडेकरू गेला म्हणून दारावरची पाटी आपोआप पुसली जात नाही. आधी वडिलांना आईचा पत्ता दे, मग याला मोकळं कर."

पहिलं केलं. दुसरं करायला हात धजेना. 'फ्री'ची ओळच खोडून टाकली. नानासो, मंगल, माया. सुरळीत चाललं. मला रडू आलं आणि हलकंही वाटलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फोन घ्यायला बंदी, तरी घेतला.

"जेवलीस का गं? मी भाकरी खाल्ली आन् लय झोपले बघ, कडी लावून."

"कडी लावून?"

"मग? आता कोन यायचं हाय?"

मागून सर पडद्यावर वाकले. "अगं, 'फ्री' कुठाय? असं नाही चालत. हा गेलेला नाही, आतच आहे. फक्त त्याचा पत्ता आता कुणाकडंच नाही."

"थांब गं," आई फोनवर म्हणाली, "कुनीतरी कडी वाजवतंय."

ती वाजलेली मलाही ऐकू आली. आईनं "कोन हाय?" म्हणून विचारलं. मग फोनवर हळूच म्हणाली,

"'आलो गं आई' म्हनतंय. कुनाचं लेकरू हाय कुनास ठावं. वाट चुकलंय जनू."