शेक न दिलेले दाणे

दाणेमामांचा बोळ सकाळी घड्याळावर उठत नसे, वासावर उठत असे. भट्टीवरच्या कढईत वाळू तापली, तिच्यात शेंगदाण्यांचा पहिला घाणा पडला आणि झाऱ्याची खरखर सुरू झाली, की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून उघडायच्या. कामावर निघालेला माणूससुद्धा पायरीशी रेंगाळून एक ऊन दाणा तोंडात टाकायचा आणि मगच पुढे जायचा. शेंगदाणे, हरभरे, बदाम, सूर्यफुलाच्या नि भोपळ्याच्या बिया, जे काही विस्तवावर खुलतं ते मामांच्या हातून खुलायचं. भट्टी वडिलांची, कढई वडिलांची आणि हातही वडिलांचाच, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणायची.

पण मामींना धूर सोसेनासा झाला. संसारभर त्याच धुरात त्यांनी दाणे निवडले, पुड्या बांधल्या, गिऱ्हाइकांशी भांडणं उकरून काढली आणि मिटवलीही. मग खोकला आला. आला तो पाहुण्यासारखा, आणि बसला घरजावयासारखा. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. मामींची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या बाजूला राहायची. ती आली आणि "चार दिवस नेते हो ताईला" म्हणून घेऊन गेली. त्या चार दिवसांत उन्हाळा सरला, पाऊस येऊन गेला, थंडी पडली.

ही मेव्हणीबाई एका दुखण्यातून उठल्यापासून विस्तव लागलेलं काही खात नसे. दाणे भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, फळं चिरायची, पाला धुवायचा, झाला स्वयंपाक. शेगडी तिने नुसती बंद केली नव्हती, तिच्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. मामीही तेच खाऊ लागल्या. अन्नाने म्हणा, हवेने म्हणा, की वरच्याच्या मनात आलं म्हणून म्हणा, त्यांच्या छातीतली घरघर थांबली. मामांनी देवाला हात जोडले. जोडलेल्या हातांच्या आत एक तक्रार राहिली होती, ती देवालाही दिसली असेल.

दर सुट्टीच्या दिवशी मामा बसने टेकडीकडे जायचे. खिशात भाजलेल्या दाण्यांची पुडी. मामी ती घ्यायच्या, उघडायच्या नाहीत, दोन्ही तळव्यांत धरून नुसत्या बसायच्या. मग गार झाली की शेजारच्या पोरांना देऊन टाकायच्या.

'घरी केव्हा येतेस?' हे विचारायचं ठरवून मामा बसमधून उतरायचे आणि तोंडातून निघायचं, "पाणी येतं का इथे वेळेवर?"

"येतं हो," मामी म्हणायच्या. "मागच्या खेपेलाही येत होतं."

एकदा मामा निघताना चपला घालत होते. मामी दाराला टेकून उभ्या होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, "यावंसं फार वाटतं. पण येऊन खाऊ काय? आपल्या घरात विस्तवाच्या तावडीतून सुटलेलं काही आहे का?"

मामांनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. आशा देव देतो ती अशी अर्धीमुर्धी देतो. उरलेला अर्धा भाग माणसाने घाम गाळून भरायचा असतो.

घरी आल्याआल्या त्यांनी पोत्यांतून ओंजळभर हरभरे घेतले, ओंजळभर शेंगदाणे घेतले, सूर्यफुलाच्या बिया घेतल्या आणि तीन बरण्यांत भिजत घातले. कोणाला काही सांगितलं नाही. आधी जमू दे, मग सांगू. सकाळी दाणे टम्म फुगले होते. मामांनी पाणी उपसलं आणि शेजारच्या शिंपीबुवांकडे गेले.

"पातळ फडकं आहे का हो?"

"कशाला? डोक्याला बांधायला?"

"मोड आणायचेत."

शिंपीबुवांनी सुई तोंडातून काढली. "मामा, तुम्ही? म्हणजे उद्या न्हावी दाढी वाढवायला शिकवणार!" पण फडकं दिलं, कडा दुमडून, टाके घालून दिलं.

दाणे बांधले. दुसऱ्या दिवशी सोडून पाहिलं तर होते तसेच. तिसऱ्या दिवशी बुळबुळीत झाले, आणि मग असा वास सुटला की गिऱ्हाइकं नाक धरून विचारू लागली. मामांनी ते टाकले, नवे भिजवले. पाणी बदलून पाहिलं. फडकं बदललं. बरण्या देवाच्या तसबिरीखाली ठेवून पाहिल्या. तिथेही आंबले. अखेर लाज गिळून त्यांनी मेव्हणीला फोन लावला.

"हळू बोल, ताईला कळू देऊ नकोस. मोड येत नाहीत."

"अगंबाई भावोजी! तुम्ही आणि मोड? काय भिजवलंत?"

"सगळंच. एकालाही फुटत नाही."

"एकालाही? मग दाणेच मेलेले असतील."

"माझे दाणे मेलेले?" मामांचा आवाज चढला. "गावात असा माल मिळत नाही! पोतं उतरलं की एक दिवस थांबत नाही मी. लगेच हलका शेक देतो, म्हणून कीड शिवत नाही. वडिलांचा नियम आहे. कच्चा दाणा घरात वस्तीला राहता कामा नये."

पलीकडे मग मेव्हणीला हसू फुटलं ते आवरेना. "अहो भावोजी, शेकलेल्या दाण्याला कुठे मोड येतो? तुम्ही उंबऱ्यातच त्याचा निकाल लावता, आणि मग फडक्यात गुंडाळून उठ उठ म्हणता!"

मामा हसले नाहीत. फोन ठेवून ते पोत्यांच्या खोलीत गेले आणि एका पोत्यावर बसले. छतापर्यंत माल रचलेला होता. लहानपणापासून याच पोत्यांवर ते खेळले, झोपले. हे सगळे दाणे गाढ झोपेत आहेत असंच त्यांना वाटायचं. ते झोपलेले नव्हते, मेलेले होते. एका एका दाण्याच्या पोटात देवाने इवलासा जीव ठेवून दिला होता. नुसतं पाणी मिळालं असतं तर त्याने डोळे उघडले असते. आणि आपण जन्मभर दाण्यांत हात घालून बसलो, पण जिवंत दाणा आपल्या घरात राहिलाच नाही.

'हीसुद्धा इथेच राहिली,' त्यांच्या मनात आलं. पुढचं त्यांना मनातही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी ते घाऊक बाजारातून कच्च्या मालाची एक पिशवी घेऊन आले. हरभरे, मूग, सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, साल न काढलेले बदाम. भट्टी तापलेली होती. सवयीचा हात, तो पिशवीसकट कढईवर गेलाही. वाळूची धग मनगटाला लागली तेव्हा मामा भानावर आले आणि तान्हं पोर ओढून घ्यावं तशी त्यांनी पिशवी छातीशी ओढली.

बरण्या आतल्या खोलीत ठेवल्या. पण आतल्या खोलीची भिंत म्हणजे भट्टीची पाठ. त्या उबेत दाण्यांनी मोडाची टोकं जेमतेम दाखवली आणि आंबून गेले. मामांनी दिवसभर विचार केला. मग आणखी एक खेप भिजत घातली आणि सकाळी भट्टी पेटवलीच नाही.

बोळ त्या दिवशी उशिरा उठला. चिडूनच उठला.

"काय मामा, भट्टीला बाळंतपणाची रजा दिलीत का?" शिंपीबुवांनी विचारलं.

"तसंच समजा."

तिसऱ्या सकाळी मामांनी फडकं सोडलं आणि ओरडले, "शिंपीबुवा, या! या लवकर!" शिंपीबुवा गळ्यात टेप तसाच घेऊन धावत आले. हरभऱ्याहरभऱ्याच्या टोकाला पांढरं, ओलसर, एवढंसं नाक आलं होतं. मामांनी एक दाणा उचलला. दाणा हातात घेतला की तो चोळायचा, फुंकर मारून साल उडवायची, हीच त्यांच्या बोटांची रीत. आज बोटांना काय करावं कळेना.

"नारळात पाणी घालणारा तोच, आणि हे करणारा तोच," मामा म्हणाले.

"आणि उगाच श्रेय घेणारे आपण," शिंपीबुवा म्हणाले, पण तेही बघत राहिले.

त्याच दिवशी मामांनी फोन केला. या खेपेला पाण्याची चौकशी केली नाही. "मोड आलेत," एवढंच म्हणाले. "कोणाला?" मामींनी विचारलं. मग त्यांना समजलं. "येते उद्या," त्या म्हणाल्या.

मामी आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, आत पाऊल टाकलं, पुन्हा थांबल्या. मामांनी घर धुऊन काढलं होतं. भिंतीवरची काजळी घासली होती. कढई उपडी होती, वाळू गार होती.

"अहो, वास कुठे गेला?"

"तुला सोसत नाही म्हणून..."

मामी पाटावर बसल्या. मामांनी ताटलीत हरभरे वाढले, भिजवून सोललेले बदाम वाढले, बिया वाढल्या, आणि समोर असे बसले की जणू निकाल ऐकायचा आहे. मामींनी सावकाश चावून खाल्लं.

"पाणी नीट उपसलंत. वास नाही लागला," त्या म्हणाल्या. "बहिणीच्याला लागतो कधीकधी. तिला सांगू नका."

"मग राहा ना." शब्द निघून गेला. मामा स्वतःच दचकले. "म्हणजे, राहतेस का? रोज करीन मी. भट्टी नाही पेटवत."

"आणि खाल काय तुम्ही? मोड?" मामी हसल्या, मग गंभीर झाल्या. "तिकडे दुपारी डोळे मिटून पडले ना, की या घराच्या वासाची आठवण येते. तो वास आला की खोकला येतो, आणि नाही आला की झोप येत नाही. असं माझं मेलीचं कपाळ. आज आले, तर घरात तोच नाही. कोणाच्या घरी आले असं झालं मला."

मामा खाली बघत राहिले.

"रुसू नका. राहायचं तर भट्टी पेटलेली असतानाच राहायला हवं. मला किती वेळ सोसतं ते मलाच बघू दे. पण आता येईन ती न सांगता येईन. सांगितलं की तुम्ही विझवता."

"केव्हा?"

"सांगितलं तर ते न सांगता कसं होईल?"

संध्याकाळच्या बसने त्या गेल्या. बसच्या खिडकीतून त्यांनी हात हलवला नाही, पदर नीट केला आणि त्यातच निरोप घेतला. मामा बस वळेपर्यंत उभे राहिले.

घरी येईपर्यंत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भाजण्याचं काम सोपं. माणूस दारात आला की दाणा कढईत टाका, तो चपला काढेपर्यंत पुडी तयार. मोडाचं तसं नाही. आलेल्याला 'थांब, करतो' म्हणता येत नाही. जी परवा येईल तिच्यासाठी आज भिजवावं लागतं. आणि ती कोणत्या परवा येईल हे ठाऊक नसेल, तर रोजच भिजवावं लागतं.

त्यांनी रोज भिजवायला सुरुवात केली. भट्टी पुन्हा पेटली, बोळ पुन्हा वेळेवर उठू लागला. बरण्यांना गारवा हवा, म्हणून त्या शिंपीबुवांच्या मागच्या खिडकीत गेल्या. एकीत आजचे, एकीत कालचे, एकीत खाण्याजोगे.

"मी कपडे शिवू की यांची राखण करू?" शिंपीबुवा कुरकुरायचे. पण मामा कामात असले तर दाण्यांवर पाणी तेच शिंपडायचे.

येणारी न येता दिवस मावळायचा. मग मामा आणि शिंपीबुवा समोरासमोर बसून तयार झालेले मोड खायचे.

"मामा, माझे दात शिवणयंत्रासारखे चालायला लागले. वहिनींना म्हणावं, लवकर या, माझ्या जबड्याची दया करा."

"खा गुपचूप. तिच्या वाटणीचं आहे."

असे किती दिवस गेले, मामांनी मोजले नाहीत. देवाची वाट बघणारा दिवस मोजत बसत नाही, तो रोजची पूजा करतो. मामांचं तेच चाललं होतं. फक्त पूजेत हरभरे होते.

एका सकाळी ऐन गर्दीत फोन वाजला. मामांनी झारा डाव्या हातात घेतला.

"आज काय भिजवलंत?" मामी होत्या.

"मूग."

"कालचं काय?"

"हरभरे. टोकं दिसायला लागलीत."

"आणि आज खायचे?"

"बिया. छान झाल्यात."

"कोण खातं रोज?"

"मी. आणि शिंपीबुवा, शिव्या देत."

मामी मोठ्याने हसल्या. मामा हसण्याच्या मागून येणाऱ्या खोकल्याची वाट बघत राहिले. खोकला आला नाही.

"भट्टी पेटलीय?"

"पेटलीय. विझवू का?"

"विझवलीत तर बघा." मागे गाड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी सुट्टे पैसे मागत होतं. बहिणीच्या घरात असा आवाज कधी येत नसे. "बरं, ठेवते."

मामांनी फोन गल्ल्यावर ठेवला. समोर गिऱ्हाइकं होती, कढईत घाणा होता, हातात झारा होता. आणि डोळे बोळाच्या तोंडाशी होते, जिथे बसमधून उतरलेली माणसं एकेक करून वळत होती. कोणी पिशवी घेऊन, कोणी छत्री घेऊन, कोणी हातात काहीच न घेता.

"मामा!" शिंपीबुवा दारातून ओरडले. "अहो मामा, दाणे करपले!"