बांगड्यांची शिकवणी

अकोल्याच्या जठारपेठेतल्या कुंदाताईंचा ठाम समज होता की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, वळण लागलेली आणि वळण न लागलेली. आपली मुलगी चारुता दुसऱ्या प्रकारात जन्मली आणि आपण तिला ओढून पहिल्या प्रकारात आणून बसवली, याचा त्यांना कोण अभिमान. हे त्यांनी केलं हातातल्या बांगड्यांनी. पाहुणे आले की पोरगी फरशीचे ठिपके पाहत बसायची. मग पदराआड बांगड्या एकदा वाजल्या की वर बघायचं, दोनदा वाजल्या की हसायचं. घर वकिलाचं, साक्षीदार पढवायची रीत होतीच. या किणकिणाटावर चारुता शाळा पास झाली, एम.एस्सी. झाली आणि चहाचा ट्रे घेऊन अमरावतीच्या ललितसमोर बसली. ललितला मुलगी हसतमुख वाटली. हसत होत्या त्या बांगड्या.

लग्नानंतर बांगड्या अकोल्यातच राहिल्या. अमरावतीत कुणाच्या बारशाला जाऊन तासभर हसून आली की चारुता न्हाणीघरात दिवा न लावता बसून राही. सासूबाई म्हणत, "शिकलेल्या सुनांची फ्याशन असते हे." सासूबाईंना फॅशन आणि फिट येणं यांत फरक वाटत नसे.

हेही तिनं निभावून नेलं असतं. पण यंदा दिवाळीला माहेरी असताना, ती स्वयंपाकघरात करंज्या तळत असताना, बैठकीतून एकदा किण्ण ऐकू आलं आणि तिची मान आपोआप वर झाली. समोर तर भिंत होती. तिनं डोकावून पाहिलं. अडीच वर्षांची आचल, तिची मुलगी, पाहुण्यांकडे मान वर करून बघत होती. दोनदा किण्ण झालं. आचल हसली. ते हसू चारुतानं ओळखलं. तिचंच होतं, जुनं, मापाला घट्ट बसलेलं.

आईशी भांडून उपयोग नव्हता. "वळण लावून राहिली मी, तुले काय समजते?" एवढ्यावर निकाल लागे. तेव्हा चारुतानं ठरवलं, आपल्याला जे आहे त्याचं नाव कुणा जाणत्याकडून घ्यायचं. ते नाव लागलं, हा वळणाचा दोष नाही हे आईला दाखवता आलं, तरच आचलची शिकवणी बंद पाडता येईल.

अमरावतीच्या एका नामांकित डॉक्टरांनी तिचं अर्धं वाक्य ऐकलं आणि उरलेलं स्वतःच पूर्ण केलं. "ऑटिझम लहान मुलांना असतो, मॅडम. तुमचं लग्न झालं, लेकरू झालं, नजरेला नजर देऊन बोलून राहिल्या. अजून काय पाहिजे? योगा करा." चारुता त्यांच्या भुवयांमधल्या तिळाकडे बघत होती. डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळावर बघ, लोकांना कळत नाही, हे आईनंच शिकवलेलं. खरंच कळत नाही. बाहेर एवढी मोठी पाटी लावली तरी कळत नाही.

"नाव कळलं म्हणजे तू काय बदलणार आहेस का?" ललितनं विचारलं.

"बदलायचं थांबणार आहे."

ललितनं टीव्ही लावला.

शेवटी अकोल्यातच वयानं मोठ्या माणसांचीही ऑटिझमची तपासणी करणाऱ्या रागिणी मॅडम सापडल्या. त्यांची एकच अट होती, लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणीतरी सोबत आणा. वडिलांनी तिच्या लहानपणी फक्त पक्षकार पाहिले होते. राहिली आई.

आचलला शेजारच्या चंदाकाकूंकडे सोपवून मायलेकी ऑटोत बसल्या. कुंदाताईंनी हळू आवाजात बजावलं, "तू चूप बसजो. मी बोलीन. अन् हे अमरावतीले कोणाले समजलं नाई पाहिजे."

मॅडमनी विचारलं, लहानपणी ही इतर मुलांत खेळायची का?

"खेळे न. सारी गल्ली हिच्या मागं असे."

गल्ली मागे असायची हे खरं, चिडवायला.

"कपड्यांचा, आवाजाचा काही त्रास?"

"छे वो. जे घाला ते घाले."

शिवण टोचते म्हणून दहावीपर्यंत बनियन उलटी घातलेली चारुता टेबलाची कड पाहत होती. कडेचा सनमायका एका जागी उचकटला होता. आई अशीच गोड बोलत राहिली तर ही बाईही शेवटी योगा सांगेल, आणि घरी आचलची शिकवणी पुढे चालू.

किण्ण.

मान निघालीच होती वर. चारुतानं ती जागच्या जागी धरून ठेवली, दार ढकलणाऱ्या कुत्र्याला पायानं अडवावं तशी. किण्ण. आईचं तोंड मॅडमशी बोलत होतं, हात लेकीशी. किण्ण, किण्ण. आता तर हसायचाही हुकूम झाला होता. चारुता सनमायका पाहत राहिली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आई, हाताला काही होतंय का?"

"मले काय होते? हिले सांगून राहिली न. आठवण नाई दिली तर वर पाह्यतच नाई ही. जन्मापासून असंच हाये. किती मेहनत घेतली मी, तुमाले काय सांगू."

आणि मग त्यांनी सांगितलंच. आरशासमोर उभी करून हसायला कसं शिकवलं, कपाळाची युक्ती कशी काढली, हळदीकुंकवाला जाण्याआधी कोण काय विचारेल आणि काय बोलायचं ते कसं घोकून घेतलं, उलटी बनियनसुद्धा आली. मेहनतीचा विषय निघाला की कुंदाताईंना आवरणं वकीलसाहेबांनाही जमलं नव्हतं. उलटतपासणी न होताच साक्षीदार फुटला.

"अजून एक-दोनदा बसावं लागेल," मॅडम चारुताला म्हणाल्या, "नाव आज देत नाही. पण आईंनी सांगितलं ते दुसऱ्या कुणाकडून मिळालं नसतं. शिकवून बसवलेल्याखाली मूळचं मोठेपणी झाकलं जातं, म्हणून तर लहानपण विचारावं लागतं."

ऑटोत कुंदाताई खुशीत होत्या. "पाह्यलं? कदर हाये बाईले."

घरी चंदाकाकू ओसरीत बसल्या होत्या. पायाशी आचल कपड्यांच्या क्लिपा रंगांप्रमाणे लावत होती. "केव्हाची हेच करून राहिली," काकू म्हणाल्या, "माह्याकडं एकदा पाह्यलं नाई पोट्टीनं."

कुंदाताईंचा हात उचलला गेला. किण्ण. आचलची मान वर आली.

चारुतानं आईचं मनगट धरलं. "काढ त्या बांगड्या."

"सवाष्णीच्या हातच्या? डोकं फिरलं काय तुह्यं?"

"मग राहू दे हातात." चारुतानं ओढणी काढली आणि मनगटापासून वरपर्यंत बांगड्यांवर गच्च गुंडाळून गाठ मारली. हात हिसकून घ्यायला कुंदाताईंना काही अवघड नव्हतं. पण समोर चंदाकाकू बसलेल्या. चारचौघांत तमाशा करायचा नाही, हे त्यांचंच वळण.

"काय झालं वो हाताले?" काकू पुढे सरकल्या.

"काई नाई," कुंदाताई हसल्या. "पोरीचा इलाज सुरू हाये."

"कोणत्या पोरीचा?"

कुंदाताईंनी चारुताकडे पाहिलं, मग खाली आचलकडे. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कुणालाच पढवलेलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"चहा ठेवते," म्हणून त्या आत गेल्या. जाताना तो हात वाजला नाही.